चिखलाचा उपाय गवताखाली

आष्टी तालुक्यातलं कडा पर्जन्यछायेतलं गाव. वर्षाचा बराच काळ इथल्या अंगणात धूळ असते आणि पावसाचे चार दिवस आले की पाय घोट्यापर्यंत रुततो. लहान मुलं घसरतात, म्हाताऱ्या माणसांना न्हाणीपर्यंत जाणं जिवावर येतं, आणि घरभर उमटलेली चिखलाची पावलं पुसण्याचं काम बहुतेक घरांत बायकांच्याच वाट्याला येतं. म्हणून कृत्रिम गवताचा रोल आणून अंगणात अंथरावा असं कुणाला वाटलं, तर त्याला चैन म्हणणं अन्यायाचं आहे. मात्र चिखल हा वरच्या थराचा दोष नाही. तो मातीचा आणि पाण्याच्या वाटेचा आहे. तिथे हात न घालता टाकलेला प्रत्येक रुपया चिखलातच जाणार.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. एकदा फुगली की वरून आलेलं पाणी ती जवळजवळ आत घेतच नाही. गवताच्या पाठीला निचऱ्याची भोकं असतात हे खरं, पण त्यांतून उतरलेलं पाणी पुढे जाणार कुठे? ते मातीवरच साचतं, खाली लगदा होतो, वर पाय ठेवला की गवत दबतं आणि सांध्यांतून राड वर येते. उन्हाळ्यात तीच जमीन आक्रसते आणि गवताला उंचवटे-खळगे पडतात. फुगणाऱ्या मातीचं हे दुखणं बांधकामवाल्यांना जुनं आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कट्टी यांनी त्यावर जो मार्ग अभ्यासाने मांडला, तो काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटून बसणाऱ्या मातीचा दाबलेला थर देण्याचा. चांगला मुरूम त्या कामी येतो. कालव्यांसाठी हा थर मीटरभर जाड लागतो. अंगणावर इमारतीचा भार नसतो, तिथे वरची सहा-आठ इंच माती काढून मुरूम भरला, पाणी मारून धुमसाने ठोकला आणि दहा फुटांना दोन इंच उतार दिला, तरी पावसाळ्याचं रूप पालटतं.

त्याआधी छताकडे पाहायला हवं. हजार चौरस फुटांच्या छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे २३०० लिटर पाणी जमतं, आणि ते पन्हाळीवाटे नेमकं अंगणातच कोसळतं. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हे पाणी चिखल करण्यात घालवणं मनाला लागतं. पाइप लावून ते टाकीत घ्यावं. टाकी भरली की उरलेलं शोषखड्ड्यात सोडावं, मात्र खड्डा काळ्या मातीखालच्या मुरमापर्यंत गेलेला हवा, नाहीतर त्याचंच डबकं होतं. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झाली तशी अतिवृष्टी आली, तर यातलं काहीच पुरं पडणार नाही. हा उपाय नेहमीच्या पावसासाठी आहे.

यावर कुणी म्हणेल, मुरूम भरायचाच आहे, तर त्यावर गवतही टाकू, पाणी तरी वाचेल. हा मुद्दा वजनदार आहे. दुष्काळी तालुक्यात लॉन जोपासणं मला पटत नाही, आणि त्या तुलनेत कृत्रिम गवत निश्चित बरं. पण इथे निवड फक्त या दोहोंतली नाही. कृत्रिम गवत म्हणजे प्लास्टिक. खऱ्या गवतातून पाणी बाष्प होऊन जातं म्हणून ते थंड राहतं, प्लास्टिकला ती सोय नाही. कडक उन्हात त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो, हे मैदानांवरच्या मोजण्यांत दिसलं आहे. एप्रिल-मेमध्ये त्यावर अनवाणी मूल उभं राहू शकत नाही, आणि ते गार करायला पाणी मारलं तर वाचवलेलं पाणी पुन्हा तिथेच जातं. उन्हाने पातीही ठिसूळ होते, तुटते आणि तिचे कण मातीत मिसळतात. युरोपीय संघाने २०२३मध्ये केलेल्या नियमानुसार मैदानांच्या कृत्रिम गवतात भरायच्या प्लास्टिक-रबराच्या दाण्यांची विक्री २०३१पासून बंद होणार आहे. तो नियम युरोपातला, शिवाय घरच्या गवतात बहुधा वाळू भरतात, तेव्हा तो आपल्याला थेट लागू नाही, पण चिंता तीच आहे.

उरते हरळी. शेतकरी तिच्यावर वैतागतो ते तिच्या चिवटपणामुळेच, आणि अंगणाला तोच चिवटपणा हवा. पावसावर ती पसरते, उन्हाळ्यात करपते, पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. मुरमाच्या कडेने आणि झाडाखाली ती राहू द्यावी, येण्याजाण्याच्या वाटेवर शहाबादी फरशी बसवावी. कृत्रिम गवत हवंच असेल, तर ते पत्र्याच्या शेडखाली, मुलं खेळतात तेवढ्याच तुकड्यावर टाकावं. त्याखाली ठोकलेला मुरूम, त्यावर खडी, मग बारीक कच असा क्रम हवा. दुकानदाराने सांगितलेल्या दरात हे खालचं काम धरलं आहे का, ते रोल उलगडण्याआधी विचारावं.