विचार आधी, चित्रण मागून

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ ठराविक अंतराने टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. तो पाहून भांडवल मिळाले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. फिल्म महाग, त्यामुळे विचार आधी करावाच लागे. आज विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये तासन्‌तास चित्रण मावते आणि विचार मागे राहतो. म्हणून तीन मिनिटांच्या चित्रफितीचाही विषय प्रथम एका वाक्यात लिहावा, मग दृश्यांची यादी करावी. चित्रण करताना प्रत्येक दृश्याच्या मागेपुढे चार सेकंद अधिक घ्यावेत. संकलनात सांधा तिथेच साधतो. मात्र जोडण्यापेक्षा गाळणे अवघड. ज्यावाचून आशय अडत नाही, ते आवडते दृश्यही काढून टाकण्याचे धैर्य मुलांना आले, की हा खटाटोप सार्थकी लागला.