रस्त्यावरचं मीठ ट्रक कसं खातं? अमेरिकेतल्या गंजाची गोष्ट आणि ट्रक वाचवायचे उपाय

डेट्रॉईट म्हणजे गाड्यांचं शहर. फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लर या अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्या याच भागात वाढल्या. पण या शहराच्या पोटात आणखी एक धंदा चालतो. जमिनीखाली साधारण साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे आणि तिथलं मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर टाकण्यासाठी विकलं जातं.

म्हणजे वर गाड्या बनतात आणि त्याच गाड्यांना खाणारं मीठ त्याच शहराच्या खालून निघतं.

या मिठाचा सगळ्यात जास्त मार बसतो तो ट्रकला. इथे ट्रक म्हणजे आपल्याकडचा दहा चाकी मालट्रक डोळ्यासमोर आणू नका. अमेरिका आणि कॅनडात पिकअपला ट्रक म्हणतात. पुढे केबिन, मागे उघडा हौदा आणि खाली लोखंडी चासी. वरून चकाचक दिसणारा असा ट्रक जॅकवर उचलला की खाली चासीचे पोपडे निघालेले असतात, हा तिथल्या गॅरेजवाल्यांचा रोजचा अनुभव आहे.

हे होतं कसं आणि थांबवायचं कसं, ते बघू.

मुळात रस्त्यावर मीठ टाकतात कशाला?

साधं पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात मीठ मिसळलं की ते आणखी खाली गेल्यावर गोठतं. मिठाचं प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास असेल, तर ते पाणी उणे २१ अंशांपर्यंत पातळ राहू शकतं. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र साधं खडेमीठ उणे नऊ-दहा अंशांपर्यंतच नीट काम करतं. त्याहून कडक थंडी पडली की कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात.

१९३८ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात रस्त्यावर मीठ टाकून बघितलं गेलं. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अख्ख्या अमेरिकेत मिळून पाच हजार टन मीठ रस्त्यांवर पडलं. आज हा आकडा वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास आहे. बर्फावरून गाडी घसरून माणसं मरतात, त्यामुळे मीठ बंद करा असं सहसा कुणी म्हणत नाही. विस्कॉन्सिनमध्ये तर चीजच्या कारखान्यांत उरलेलं खारं पाणीसुद्धा रस्त्यावर टाकून झालं आहे. पण शेवटी तेही खारंच.

मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क अशा राज्यांच्या या पट्ट्याला तिकडे ‘सॉल्ट बेल्ट’ म्हणतात. सीमेपलीकडच्या कॅनडातल्या ओंटारिओतही तीच गत.

मीठ लोखंडाचं नेमकं करतं काय?

गंजायला दोन गोष्टी पुरतात, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन. मीठ नसलं तरी लोखंड गंजतंच. मीठ आलं की त्या कामाचा वेग वाढतो.

गंजणं म्हणजे लोखंडाच्या पृष्ठभागावर चालणारी छोटीशी विजेची देवाणघेवाण. साध्या पाण्यातून ही वीज सहज वाहत नाही, खाऱ्या पाण्यातून ती झपाट्याने वाहते. शिवाय मिठातलं क्लोराइड धातूवर तयार झालेला संरक्षक थर फोडतं.

तिसरी भानगड आपल्या स्वयंपाकघरात दिसते. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडली की मीठ ओलं झालेलं असतं, कारण ते हवेतली आर्द्रता ओढून घेतं. ट्रकच्या खाली नेमकं हेच घडतं. हवेत साधारण ७५ टक्के आर्द्रता असली की साधं मीठ पाणी धरतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइडला तर एक तृतीयांशाच्या आसपास आर्द्रता पुरते. म्हणजे रस्ता कोरडा झाला, ऊन पडलं, तुम्हाला वाटलं गाडी वाळली, तरी चासीच्या आत मीठ लोखंडाला ओलं ठेवून बसलेलं असतं.

त्यात गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात तो शिरला की आतून फुगतो, पत्रे एकमेकांपासून ढकलतो आणि नव्या फटीत आणखी खारं पाणी शिरतं.

हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे का?

दरवाजाखाली चार डाग पडले तर गाडी वाईट दिसते, इतकंच. खरी भीती असते ती खालच्या दोन गोष्टींची.

पहिली म्हणजे चासी. इंजिन, केबिन, हौदा, मागचे पाटे असं सगळं तिच्यावर उभं असतं. टोयोटाच्या टॅकोमा या पिकअपची चासी गंजून भोकं पडू लागली, तेव्हा २००८ मध्ये कंपनीने १९९५ ते २००० सालच्या गाड्यांची गंजाची वॉरंटी १५ वर्षांपर्यंत वाढवली. जास्त खराब झालेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट किंमत देऊन परत घेतल्या. पुढच्या मॉडेल्सवरून खटला झाला आणि २०१६ मध्ये जवळपास १५ लाख टॅकोमा, टंड्रा आणि सेक्वोया गाड्यांसाठी तडजोड झाली. तिची अंदाजे किंमत ३.४ अब्ज डॉलरपर्यंत होती. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण गंजलेल्या चासी बदलून द्यायची तयारी दाखवली. एका गाडीची चासी बदलायचा खर्च तेव्हा सुमारे १५ हजार डॉलर धरला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्रेकचे पाईप. पेडलपासून चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारे हे पोलादी पाईप जेमतेम पेन्सिलीएवढ्या जाडीचे असतात आणि गाडीच्या पोटाखालून जातात. ते गंजून फुटले की पेडल खाली जातं. ब्रेकची दोन वेगळी सर्किट असतात म्हणून सहसा सगळे ब्रेक एकदम जात नाहीत, पण गाडी थांबायला लागणारं अंतर बरंच वाढतं. समोर सिग्नल असेल तर तेवढं पुरेसं आहे.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने, म्हणजे एनएचटीएसएने, जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ मॉडेलच्या जवळपास ५० लाख पिकअप आणि एसयूव्हींची याच कारणासाठी चौकशी केली. २०१५ मध्ये ती बंद झाली. गाड्या परत बोलावल्या नाहीत. मीठ पडणाऱ्या राज्यांत जुन्या गाड्यांचे पाईप असे झिजतात आणि इतर कंपन्यांच्या गाड्यांतही हे दिसतं, असं खात्याचं म्हणणं पडलं. मालकांना सल्ला मिळाला की हिवाळ्यात गाडीचं पोट धूत राहा आणि ब्रेकचे पाईप तपासून घ्या.

थोडक्यात, काळजी मालकालाच घ्यायची आहे.

उपाय पहिला : खालून धुवा, तेही हिवाळ्यातच

बर्फ पडतोय तोवर गाडी धुऊन काय उपयोग, परत घाण होणारच, असं बहुतेकांना वाटतं. पण मीठ जितके दिवस चिकटून राहील तितके दिवस ते काम करत राहतं. म्हणून हिवाळाभर दहा दिवस ते दोन आठवड्यांतून एकदा गाडी धुवावी. वर फेस केला नाही तरी चालेल, खालून जोरदार पाणी मारणं महत्त्वाचं.

चाकांच्या कमानी, बंपरची मागची बाजू, दरवाजांखालचा पत्रा, मागच्या पाट्यांच्या आसपासची चासी आणि स्टेपनीच्या वरची जागा, इथे मीठ दडून बसतं. चासी आतून पोकळ असेल तर तिच्या भोकांतूनही पाणी जाऊ द्या. दरवाजांच्या तळाला पाणी निघायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली असतील तर काडीने मोकळी करा.

दिवस शून्याच्या वरच्या तापमानाचा निवडा, नाहीतर दरवाजेच गोठून बसतील. काही वॉशिंग सेंटर एकदा वापरलेलं पाणी पुन्हा वापरतात. तिथे शेवटचं पाणी ताजं असतं का, हे विचारून घ्या, नाहीतर दुसऱ्याच्या गाडीचं मीठ तुमच्या गाडीवर यायचं. आणि बर्फ संपला की एकदा निवांत, कसून धुवा. वसंतात तापमान वाढतं आणि गंजाचा वेगही वाढतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मिठाने माखलेली गाडी रोज गरम गॅरेजमध्ये लावणं म्हणजे तिची काळजी घेणं नव्हे. कडाक्याच्या थंडीत गंजण्याची क्रिया मंदावते. गरम गॅरेजमध्ये बर्फ वितळतो, खारं पाणी फटींत उतरतं आणि उबेमुळे काम जोरात सुरू होतं. गॅरेज वापरा, पण गाडी धुऊन आत घ्या.

उपाय दुसरा : दरवर्षी तेलाचा थर

धुण्याने मीठ जातं. उरलेलं लोखंडापर्यंत पोहोचू नये म्हणून वर थर लागतो. त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

तेलकट फवारा : यात खनिज तेलाचे फवारे येतात, तसंच लॅनोलिनही येतं. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ. हा थर वाळून कडक होत नाही, त्यामुळे तो हळूहळू फटींत झिरपतो आणि ओरखडा आला तर पुन्हा पसरतो. आधीचा थोडा गंज असेल तरी त्यात शिरून त्याचा वेग कमी करतो. तोटा असा की तो धुपतो, म्हणून दरवर्षी मारावा लागतो. एक-दोन दिवस गाडीखाली तेलाचे थेंबही पडतात.

मेणाचा थर : चासीच्या आणि दरवाजांच्या पोकळ भागांत हा चांगला. बारीक नळीने आत फवारतात.

रबरासारखा कडक काळा थर : शोरूममध्ये ‘एकदा मारा, कायमचं विसरा’ म्हणून विकतात तो हाच. नव्याकोऱ्या, स्वच्छ पत्र्यावर नीट बसला तर ठीक. पण दगड लागून त्याला चीर गेली की खारं पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. वरून थर छान दिसतो, आत पत्रा सडतो. आधीच गंजलेल्या चासीवर तर हा मारूच नये.

थर कोणताही असो, तो बर्फ पडायच्या आधी, शरद ऋतूत, गाडी धुऊन पूर्ण वाळल्यावर मारायचा. ब्रेकच्या डिस्क, पॅड आणि सायलेन्सरवर तो अजिबात उडू द्यायचा नाही. खनिज तेलाने काही रबरी भाग फुगतात, त्यामुळे तिथेही जपून.

विजेवर चालणारा गंजरोधक डबा घ्यावा का?

बॅटरीला एक छोटा डबा जोडायचा, मग गाडी गंजत नाही, अशी यंत्रं विकली जातात. समुद्रातल्या जहाजांना विजेने किंवा जस्ताच्या ठोकळ्याने वाचवतात, हे खरं आहे. पण जहाजाचा बुडालेला भाग आणि ते जस्त, दोन्ही एकाच समुद्राच्या पाण्यात असतात आणि त्या पाण्यातूनच सर्किट पूर्ण होतं. तुमचा ट्रक हवेत उभा असतो. इथे ओला डाग, तिथे ओला डाग, मधे कोरडा पत्रा, मग सर्किट पूर्ण होणार कुठून? १९९० च्या दशकात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असं यंत्र विकणाऱ्या एका कंपनीवर दाव्यांना पुरावा नसल्याच्या कारणावरून कारवाईही केली होती. ते पैसे तेलाच्या फवाऱ्याला वापरा.

असाच भ्रम ॲल्युमिनियमचा. फोर्डने २०१५ पासून एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची केली. बॉडीला लाल गंज चढत नाही, पण खालची चासी पोलादीच आहे.

जुना ट्रक घेताना

न्यू जर्सी, डेट्रॉईट, शिकागो, टोरांटो या पट्ट्यात मराठी माणसं बरीच आहेत, आणि नव्याने गेलेल्या बहुतेकांची पहिली गाडी जुनीच असते. घेण्याआधी एवढं करा. गाडी लिफ्टवर चढवून बघा. चासीवर हातोडीने हलकेच ठोका. टणक आवाज यायला हवा. आवाज दबका आला किंवा पोपडे निघाले तर सौदा सोडा. स्टेपनीच्या वर आणि मागच्या पाट्यांजवळ टॉर्च मारून बघा. ब्रेकचे पाईप खरखरीत झालेत का ते मेकॅनिकला विचारा. आणि जुन्या गाडीच्या पोटाला ताजा काळा रंग दिसला, तर आधी हा रंग कशासाठी मारला, हे विचारा.

आपल्या कोकणातही हेच गणित

महाराष्ट्रात रस्त्यावर मीठ टाकायची वेळ येत नाही, पण मालवण, रत्नागिरी, अलिबागच्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज आणि स्कूटरचे मडगार्ड किती दिवस टिकतात, हे तिथल्या लोकांना माहीत आहे. मासळी वाहणाऱ्या टेम्पोच्या हौद्यातून खारं पाणी ठिबकतं, ते थेट चासीवर. हौसेने समुद्रात गाडी घालणाऱ्या पर्यटकांचंही तेच. उपायही तेच : त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या आणि पावसाळ्याआधी तेलाचा थर मारून घ्या.

तुमच्या ओळखीत कुणी मिशिगनला किंवा टोरांटोला असेल, तर त्यांना हे पाठवा आणि सोबत एकच प्रश्न विचारा : गाडीच्या खाली शेवटचं कधी बघितलं होतं?