पौषातले धुके आणि जुन्या गाडीचा कार्बोरेटर

चंबळेच्या परिसरात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना पौष महिना म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा पहाटे ७-८ अंशांवर येतो, प्रसंगी त्याहूनही पुष्कळ खाली उतरतो. आणि धुके असे दाटते की समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ज्यांच्या दारी जुनी पेट्रोलची जीप, लहान मालगाडी किंवा अँबॅसडर अजून उभी आहे, त्यांची एक तक्रार या दिवसांत हमखास कानी येते. गाडी सकाळी सुरू होते, चार-सहा किलोमीटर बरी चालते आणि मग भर रस्त्यात आचके देऊन बंद पडते. दहा मिनिटे उभी ठेवली की काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते!

ही केवळ गैरसोय नव्हे. आग्रा-मुंबई रस्त्यावर धुक्यात बंद पडलेली गाडी मागून येणाऱ्या ट्रकला दिसेलच, याची शाश्वती कोणी द्यावी? नव्या मोटारींतून कार्बोरेटर केव्हाच हद्दपार झाला, आणि त्याचे मर्म जाणणारे मिस्त्रीही आता विरळ झाले. म्हणून गाडीच्या धन्यानेच या दुखण्याची थोडी समज करून घेणे इष्ट, असे आम्हांस वाटते.

प्रथम कार्बोरेटरचे काम पाहू. इंजिनाला नुसते पेट्रोल जळता येत नाही. वजनाने सुमारे १५ भाग हवेत १ भाग पेट्रोल, तेही बारीक फवाऱ्याच्या आणि वाफेच्या रूपाने, मिसळून द्यावे लागते. कार्बोरेटरच्या अरुंद कंठातून हवा वेगाने जाते, तेथे ओढ निर्माण होते आणि जेटमधून पेट्रोल वर खेचले जाते. या कंठात एक चकती असते, तिला थ्रॉटल म्हणतात. अॅक्सिलरेटर दाबला की ती उघडते, सोडला की जवळजवळ मिटते.

आता आपल्या ओसरीवरचा माठ आठवा. माठातले पाणी गार का होते? पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. सुई टोचण्यापूर्वी दंडावर स्पिरिट चोळले की गार वाटते, तेही याच कारणाने. कार्बोरेटरच्या कंठात पेट्रोलची वाफ होते तेव्हा हाच प्रकार घडतो. तेथील तपमान बाहेरच्यापेक्षा २० अंशांनीही घसरू शकते. बाहेर ८ अंश असले तरी कंठात शून्याखाली! पेट्रोल गोठत नाही; गोठते ते हवेतले बाष्प. थ्रॉटलच्या कडेने बर्फाचा थर धरतो आणि हवेची वाट अडते. चालकाने चौकात अॅक्सिलरेटर सोडताच उरलीसुरली फटही बुजते आणि इंजिन मरते. मग गाडी उभी राहिली की इंजिनाची ऊब वर चढते, बर्फ वितळतो आणि पुरावा नाहीसा होतो. गॅरेजात पोहोचेपर्यंत गाडी साळसूद!

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे दुखणे कडाक्याच्या कोरड्या थंडीपेक्षा ० ते १५ अंशांच्या दमट हवेत अधिक सतावते, कारण कोरड्या हवेत गोठावयास बाष्पच थोडे असते. आमच्याकडचे धुके म्हणजे या रोगाला दिलेले आमंत्रणच.

गाड्या बनविणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते, असे नाही. कित्येक जुन्या गाड्यांत धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डवरून गरम हवा एअर क्लीनरकडे आणणारी नळी असते. काहींत एअर क्लीनरचे तोंड ऋतूप्रमाणे फिरवता येते. काहींत मॅनिफोल्डमध्येच एक झडप असते. ती इंजिन गार असताना गरम धूर कार्बोरेटरच्या बुडाखाली वळविते. शिवाय रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट असतो. पाणी साधारण ८० अंशांच्या आसपास तापेपर्यंत तो ते रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर ऊब धरते.

मग अडते कोठे? आमच्या मते, वैशाखात! उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची चाल आपल्याकडे सर्रास आहे. गरम हवेची नळी फाटली तर तिची आठवण कोणी ठेवीत नाही. झडप गंजून एकाच जागी बसते. वैशाखाचा उतारा पौषात रोग होऊन बसतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाच्या जुन्या जीपला दोन हिवाळ्यांत दोनदा कार्बोरेटर बदलून झाला, प्लग झाले, कॉइल झाली; गुण नाही. अखेर एका वयोवृद्ध मिस्त्रीने नवा थर्मोस्टॅट घातला आणि गरम हवेची नळी पुन्हा जोडून दिली. खर्च कार्बोरेटरच्या मानाने किरकोळ. त्यानंतर जीप धुक्यातही अडली नाही.

तथापि प्रत्येक वेळी बर्फच दोषी असतो, असेही नाही. गाडी केव्हा बंद पडते, यावर निदान अवलंबून आहे. सुरू होताच क्षणभरात बंद पडत असेल तर चोक पाहावा. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक हवा अडवून मिश्रण दाट करतो. चोकची तार अडकली असेल तर इंजिन उपाशी राहते. उलट इंजिन तापल्यावरही चोक ओढलेलाच राहिला तर सायलेन्सरमधून काळा धूर येतो, प्लग काळे पडतात आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते. इंजिन पुरते तापल्यावरही केवळ उभ्या गाडीत बंद पडत असेल, तर स्लो कमी असेल किंवा कार्बोरेटरखालचे पॅकिंग हवा घेत असेल. स्लो नेहमी तापलेल्या इंजिनावरच लावावा. धुक्याच्या सकाळी इंजिन मिसिंग करीत असेल तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आतला ओलावा कोरड्या फडक्याने टिपावा. वेळेचा काही नेमच नसेल, तर पेट्रोलमध्ये पाणी किंवा जेटमध्ये कचरा असल्याचा संशय घ्यावा.

पाण्याचा प्रश्न आता अधिक जिकिरीचा झाला आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता तेच सर्वसाधारण झाले आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि मर्यादेबाहेर पाणी झाले की त्यासह तळाशी जाऊन बसते. जुन्या रबरी नळ्यांना व पंपाच्या पडद्यालाही ते मानवत नाही. म्हणून हिवाळ्यात टाकी रात्री अर्धी रिकामी ठेवू नये, पेट्रोल पंपाखालची काचेची वाटी अधूनमधून साफ करावी आणि नळ्या अशा पेट्रोलला टिकणाऱ्या घालाव्यात.

बर्फाचा संशय असेल तर गाडी बंद पडताच, वेळ न दवडता, बॉनेट उघडून कार्बोरेटरच्या खालच्या अंगास हात लावून पाहावा. सारे इंजिन गरम आणि तेवढाच भाग गारठलेला, दवाने ओला किंवा पांढुरका दिसला, तर निदान झाले. तात्पुरता उपाय म्हणून उत्तरेकडचे ट्रकवाले रेडिएटरसमोर जाड फडके बांधतात, तसे बांधावे. मात्र ते अर्धेच झाकेल असे असावे आणि तपमानाच्या काट्यावर नजर ठेवावी.

तीन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. बंद शेडमध्ये गाडी तापवीत ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, आणि तो माणसाला झोपेतच नेतो. एकाने कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायचे आणि दुसऱ्याने सेल मारायचा, हा प्रकार कधीही करू नये. इंजिनाने उलट भडका मारला तर हात भाजतो, प्रसंगी गाडी पेटते. आणि धुक्यात गाडी बंद पडली तर मुलाबाळांना आत बसवून दुरुस्तीस लागू नये. गाडी ढकलून रस्त्याखाली घ्यावी, दिवे लुकलुकते ठेवावे, मंडळींना रस्त्यापासून दूर उभे करावे आणि मगच बॉनेटला हात घालावा.

वाचकांना आमची एकच विनंती आहे. गाडीत एक लहानशी वही ठेवावी. गाडी किती अंतर चालून बंद पडली, धुके होते की नाही, चोक ओढलेला होता काय, किती वेळाने सुरू झाली, एवढे तीत टिपावे. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी त्याला ती वही दाखवावी. आणि दिवाळीचा फराळ संपताच, थंडी अजून दाराशी असताना, त्याला एक साधा प्रश्न विचारावा : उन्हाळ्यात आपण या गाडीतून काय काय काढून ठेवले आहे?