पिसवेची उडी

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या तयारीला लागलेल्या घरात शिरलात, की भिंतीवर एक तक्ता दिसतो: हिवताप, प्लाझ्मोडियम, अनॉफिलिसची मादी, प्लेग, यर्सिनिया पेस्टिस, उंदरावरची पिसू. लेखी परीक्षेला हे पाठांतर पुरते. पुढे कृती-संशोधन प्रकल्प आणि मुलाखत असते. तिथे कुणी 'कशावरून?' एवढेच विचारले, की तक्ता उपयोगी पडत नाही.

दादर-लालबागच्या मुलांना या 'कशावरून'चे उत्तर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. परळची हाफकिन संस्था. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग आला, हाफकिन यांनी भायखळ्याला लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली, हे बहुतेकांना माहीत असते. 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. मला मात्र तिथला नंतरचा, फारसा न सांगितला जाणारा प्रयोग जास्त आवडतो.

ग्लेन लिस्टन हे तिथले डॉक्टर. 1903 मध्ये राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मेले. लिस्टननी त्यांच्या अंगावरच्या पिसवा तपासल्या, तर त्या उंदरावरच्या निघाल्या. म्हणजे उंदीर मेला, की उपाशी पिसू मिळेल त्या उबदार अंगाचा आसरा घेते! मग त्यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले. पिसवा पकडायचा हा जिवंत सापळाच.

पुढे प्लेगच्या तपासासाठी नेमलेल्या आयोगाने परळला मुद्दाम छोट्या खोल्या बांधून घेतल्या. रोगी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले; पिसवा नसतील तर निरोग्यांना काही होईना. पिसवा सोडल्या, की साथ सुरू. मग त्याच खोलीत पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या गिनीपिगला प्लेग झाला, दोन फुटांवरचा वाचला. हवा तीच, खोली तीच. पिसवेची उडी काही तिथवर पोचत नव्हती. प्लेग 'खराब हवे'ने होतो, हा समज मोडायला एक दोरी पुरली.

प्रकल्पात हेच तर हवे असते: बाकी सगळे सारखे ठेवून एकच गोष्ट बदलायची. विषय घरातही सापडतात. एकाच दुधाला एकच विरजण लावून तीन भांडी तीन तापमानांना ठेवली, तरी सूक्ष्मजीवशास्त्र सुरू होते. (गटारातले जिवाणू बशीत वाढवण्याची हौस घरी नको.) दुसरा विषय डासांचा. मुंबईतला हिवतापाचा मुख्य डास अनॉफिलिस स्टीफेन्सी, तो विहिरीत, गच्चीवरच्या टाक्यांत, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. गिरगावच्या चाळीतल्या गॅलरीत दोन ड्रम घ्या, एक उघडा, एक झाकलेला. अनॉफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. क्युलेक्सची डोके खाली करून तिरपी लोंबते. भिंग नसले तरी ओळखू येते. रोज अळ्या मोजा, वहीत लिहा, पण आठवड्याच्या आत पाणी ओता, नाहीतर शेजाऱ्यांना डास भेट द्याल.

आणि झाकलेल्या ड्रमात अळ्या निघाल्या, तर वहीतले आकडे खोडू नका. झाकणाला फट कुठे आहे, ते आधी बघा.