श्रीमंत राज्य, महागडे आजारपण

सकल उत्पन्नाच्या मोजमापात महाराष्ट्र हे भारतातील सर्वांत मोठे राज्य आहे आणि देशाच्या एकूण उत्पन्नात त्याचा वाटा १३ टक्क्यांच्या वर आहे. तरीही राज्य सरकारचा सार्वजनिक आरोग्यावरील खर्च राज्याच्या उत्पन्नाच्या एका टक्क्यापर्यंतही पोहोचत नाही. राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचा किमान ८ टक्के हिस्सा २०२० पर्यंत आरोग्याला द्यावा, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सुचवले होते. महाराष्ट्राचा हिस्सा मात्र ५ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला. सरकार जो खर्च करत नाही तो टळत नाही, तो कुटुंबाच्या अंगावर पडतो. उपचाराच्या वेळी रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी स्वतः मोजलेल्या पैशाला आरोग्य अर्थशास्त्रात ‘खिशातून होणारा खर्च’ म्हणतात. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात त्याचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. ही घट महत्त्वाची असली, तरी ज्या घराकडे बाजूला ठेवलेला पैसाच नाही त्या घराला सरासरी उतरल्याचा दिलासा मिळत नाही.

संपत्ती आणि आरोग्य यांचे नाते सरळ नाही, हे जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राच्या उदाहरणावरूनही दिसते. अमेरिकेने २०२३ मध्ये आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च केली आणि तरी तेथील सरासरी आयुर्मान साडेअठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आतच राहिले, तर त्याहून पुष्कळ कमी खर्च करणाऱ्या जपानचे ते ८४ च्या घरात आहे. अमेरिकेत पैसा भरपूर ओतला जातो, पण दरांवर पुरेसे नियंत्रण नाही. महाराष्ट्रात दरांवर पुरेसे नियंत्रण नाही आणि सार्वजनिक पैसाही तोकडा आहे, त्यामुळे येथील सामान्य माणूस दोन्ही बाजूंनी उघडा पडतो.

राज्याचे यश नाकारण्याचे कारण नाही. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यूंचे प्रमाण देशात २८ होते, महाराष्ट्रात १६. लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण २०१८-२० या काळात देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. आशा कार्यकर्त्या, परिचारिका आणि संस्थात्मक बाळंतपणाच्या योजना यांचे हे श्रेय आहे. मात्र प्रसूतीच्या खाटेवर वाचवलेली स्त्री पुढे कशी जगते, याचे उत्तर २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मिळते आणि ते अस्वस्थ करणारे आहे. राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, म्हणजे त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन आवश्यक पातळीच्या खाली आहे. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. देशात सर्वाधिक उत्पन्न मिळवणाऱ्या राज्यात स्त्रियांचा रक्तक्षय वाढत जावा, ही केवळ आरोग्य खात्याची बाब मानता येत नाही.

या राज्यव्यापी चित्राचा अर्थ तालुक्याच्या पातळीवर अधिक स्पष्ट होतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या वायव्येस अजिंठ्याच्या डोंगररांगेला टेकलेला कन्नड तालुका मका, कापूस आणि अद्रक पिकवतो. त्याची लोकसंख्या तीन लाखांच्या वर आहे. भोर समितीने १९४६ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून पुढे जी रचना आकाराला आली, तिच्यात सपाटीवर ५ हजार लोकांमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सुमारे १ लाख २० हजारांमागे ग्रामीण रुग्णालय अपेक्षित आहे. डोंगराळ व आदिवासी भागासाठी हे निकष आणखी सैल केलेले आहेत. कागदावर ही उतरंड नेटकी आहे. प्रत्यक्षात तिची खालची पायरी कच्ची राहिली की पिशोर किंवा करंजखेडच्या बाजूचा रुग्ण आधी गावातल्या खासगी डॉक्टरकडे सलाईन लावून घेतो, मग कन्नडला येतो आणि तेथे भूलतज्ज्ञ, क्ष-किरण किंवा रक्ताची सोय नसेल तर त्याच्या हाती ‘घाटीला न्या’ अशी चिठ्ठी पडते. घाटाखालच्या नागदच्या लोकांना तर स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा खानदेशातले चाळीसगाव जवळचे वाटते.

घाटी म्हणजे १९५६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, साऱ्या मराठवाड्याचा अखेरचा आधार. कन्नडपासून ते साठेक किलोमीटरवर आहे. २०१४ पासून राज्यात धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेमुळे जाण्याचा खर्च अनेकदा वाचतो, पण परतीचे भाडे, सोबत राहणाऱ्या नातेवाइकाचे जेवण, दोघांच्याही बुडालेल्या मजुरीचे दिवस आणि बाहेरच्या मेडिकलमधून आणायची औषधे यांचा हिशेब कोणत्याही योजनेत मांडला जात नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले, केसपेपरचे पैसेही बंद केले आणि हा निर्णय मनःपूर्वक स्वागत करण्याजोगा होता. परंतु वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याकडे असल्याने ती या निर्णयाबाहेर राहिली. परिणामी जो आजार किरकोळ असल्याने कन्नडच्या ग्रामीण रुग्णालयात बरा होतो तो फुकट झाला आणि ज्या आजारासाठी घाटी गाठावी लागते त्याच्याकरिता शुल्क कायम राहिले. दोन खात्यांमधली ही सीमारेषा मंत्रालयात अर्थपूर्ण असेल. रुग्णाच्या दृष्टीने तिला काही अर्थ नाही.

मोठ्या आजारांसाठी राज्याने निराळा मार्ग निवडला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरती असलेली ही योजना २०२३ च्या निर्णयाने सर्वांना खुली झाली आणि दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली. अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार अशा प्रसंगी या योजनेने असंख्य घरांची जमीन विकण्यापासून वाचवली आहे. तिची मर्यादा तिच्या रचनेत आहे. ती प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या, यादीत नमूद असलेल्या उपचारांचा खर्च उचलते. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, तापासाठी चार दिवसांचे औषध या बाह्यरुग्ण खर्चाला तिच्यात स्थान नाही, आणि घराला हळूहळू पोखरणारा खर्च नेमका हाच असतो. गोळ्या परवडत नाहीत म्हणून सोडलेला रक्तदाब काही वर्षांनी पक्षाघात होऊन आला की मात्र योजनेचे दार उघडते. शिवाय मान्यताप्राप्त रुग्णालये शहरांत एकवटलेली असल्याने योजनेचा पैसाही शहराकडेच वाहतो आणि तालुक्याचे रुग्णालय होते तसेच राहते.

रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचाराची किंमत २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीने मोजली होती. ग्रामीण भारतात बाळंतपण वगळता एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये, तर खासगी रुग्णालयात २७,३४७ रुपये होता.

खर्च, अज्ञान आणि श्रम एकत्र आले की काय होते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण मराठवाड्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे आहे. कन्नडच्या डोंगरपट्ट्यातूनही दिवाळीनंतर टोळ्या उसाच्या फडांवर जातात, पण या प्रश्नाचे मोजमाप झाले ते बीड जिल्ह्यात. मुकादमाकडून उचल घेताना नवराबायकोची जोडी एक ‘कोयता’ धरली जाते आणि एकाने जरी खाडा केला तरी दंड उचलीत चढतो. फडावर शौचालय नाही, पुरेसे पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढावे लागते. अंगावरून पाणी जाणे, ओटीपोटात दुखणे अशा सामान्य औषधांनी बऱ्या होऊ शकणाऱ्या तक्रारींसाठीही स्त्रियांना ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळत गेला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. ही शस्त्रक्रिया बहुधा पदरचे पैसे मोजून होते, त्यासाठी पुन्हा मुकादमाची उचल घेतली जाते आणि ती फेडण्यासाठी तेच शरीर पुन्हा फडावर उभे राहते. हे केवळ काही डॉक्टरांच्या लोभाचे प्रकरण मानणे अपुरे आहे. या स्त्रियांना गावातच विश्वासाने तपासणारी स्त्रीरोगतज्ज्ञ मिळाली असती, तर या शस्त्रक्रियांतील कितीतरी कधी झाल्याच नसत्या.

खासगी रुग्णालयांवरील नियंत्रणाची कहाणी थोडक्यात सांगता येते. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही, १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालू ठेवला आणि २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावण्याची तरतूद केली. दर लावणे बंधनकारक झाले, दर किती असावेत याला मर्यादा आली नाही.

सरकारी व्यवस्थेच्या आतही एक गाठ सुटलेली नाही, ती औषधखरेदीची. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती, आणि औषधटंचाईचा आरोप व त्याचा इन्कार यांनी वर्तमानपत्रे भरून गेली. त्याच वर्षी राज्याने खरेदीसाठी स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला होता. तामिळनाडूने असे महामंडळ १९९४ मध्येच उभारले, एकत्रित निविदांमधून औषधांचे भाव उतरवले आणि प्रत्येक गोदामातील साठा संगणकावर आणला. त्यामुळे कोणत्या केंद्राला काय हवे आहे हे औषध संपण्याआधी कळू लागले. महाराष्ट्राच्या प्राधिकरणाची परीक्षा मुंबईतल्या निविदांवरून होणार नाही. कन्नडच्या आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळी वर्षाचे बाराही महिने मिळते की रुग्णाला पुन्हा बाहेरची चिठ्ठी घेऊन मेडिकल गाठावे लागते, एवढ्यावरूनच ती होईल.