पाणकोंबड्याची हांक

आषाढ सरत आला, धानाची रोवणी उरकूं लागली, म्हणजे रामटेक व मौद्याकडील बांध्यांतून पहाटे एक आवाज ऐकूं येतो. प्रथम तो ‘कोक्-कोक्-कोक्’ असा तुटक असतो. मग सूर खालीं उतरतो आणि रिकाम्या घागरीच्या तोंडावर पंजा मारावा तसा ‘उटुंब्-उटुंब्’ असा घुमून एकाएकीं थांबतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तो ऐकला असेल व बेडकाचा म्हणून सोडूनही दिला असेल. तो पाणकोंबड्याचा होय.

पांढऱ्या छातीची पाणकोंबडी सर्वांच्या ओळखीची आहे. ती विहिरीच्या धावेवरही येते. पाणकोंबडा तिच्याच कुळांतला, पण निराळा. विणीच्या दिवसांत नर काळसर, त्याच्या कपाळावर शिंगासारखा लाल तुरा आणि पाय लाल. मादी बदामी, अंगानें लहान. पावसाळा संपला कीं नराचा काळा वेष गळतो, हांक बंद होते, व तो मादीसारखाच दिसूं लागतो. म्हणून त्याचा शोध घ्यावयाचा तो ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत, आणि डोळ्यांपेक्षां कानांनीं.

गेल्या श्रावणांत आम्ही रामटेक तालुक्यांतील एका जुन्या तलावाच्या पाळीवर तीन पहाटा बसलों. पहिला दिवस पावसानें धुऊन नेला. दुसऱ्या दिवशीं पाणकोंबड्यांच्या कलकलाटांत दुसरें कांहीं ऐकूं येईना. तिसऱ्या दिवशीं आभाळ दाटलेलें, वारा पडलेला; उजाडतां उजाडतां तलावाच्या शेपटाकडील लव्हाळ्यांतून ती घुमणारी हांक आली आणि पलीकडच्या बांधींतून दुसऱ्या नरानें तिला उत्तर दिलें. आम्ही दुर्बीण रोखून तासभर बसलों. गवताचें पातें हलतांना दिसलें, पक्षी नाहीं. शेजारीं धुऱ्यावर पाणी फोडीत असलेला म्हातारा गडी हसून म्हणाला, “दिसत नाही नं भाऊ तो, आयकाचाच पक्षी हाये.”

हे नर मोठे भांडखोर असतात. पूर्व बंगाल व सिल्हेट या भागांत पूर्वीं कोंबड्यांप्रमाणें त्यांच्या झुंजी लावीत, आणि त्यासाठीं आणलेलीं अंडीं नारळाच्या करवंटींत घालून माणसाच्या पोटाशीं बांधून उबवीत, असें पक्षिशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत नमूद आहे. हौसेला मोल नसतें हेंच खरें!

तो धान खातो काय, हा प्रश्न वाचक विचारतीलच. खातो, गवताचें बीं, धानाचे कोंवळे कोंब, आणि त्यांबरोबर किडे व गोगलगाईही. त्याला शेतकऱ्याचा निव्वळ मित्र ठरविण्याचा आमचा आग्रह नाहीं. परंतु त्याचें घरटें लव्हाळ्यांत, नाहीं तर आमच्याच उभ्या धानांत, पातीं वांकवून केलेलें असतें. आणि त्याचीं तीन ते सहा अंडीं उबत असतात नेमकीं निंदणाच्या वेळीं. निंदणाऱ्या बायांस आधीं सांगून ठेवलें, तर घरट्याभोंवतीं चार हात जागा सोडतां येते. त्या जागेवर औषधही मारूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याची शिकार करणें व अंडीं उचलणें हा गुन्हा आहे.

यापेक्षां मोठा प्रश्न तलावांचा आहे. पूर्व विदर्भांत मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. नवेगांवचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें सांगतात. त्याला मागाहून कोलासुर देव म्हणून लोक पुजूं लागले. १९७५ मध्यें तेथें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि तेथें वनाधिकारी असलेल्या मारुती चितमपल्ली यांनीं पक्ष्यांचीं लोकांच्या तोंडचीं नांवें जमवून मराठींत आणलीं. पण सारे तलाव नवेगांवसारखे भाग्यवान नाहींत. १९५१ मध्यें मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि कित्येकांची वर्षानुवर्षें निगा राहिली नाहीं. गाळ सांचला, बेशरम माजली. गाळ काढलाच पाहिजे. तो शेतांत पडला तर खतच आहे. आमची तक्रार एवढीच कीं यंत्र लावून तलाव खोल हौदासारखा सरळ खणला, म्हणजे उथळ कांठ जातो, आणि त्याबरोबर देवधान, पाणकणीस, लव्हाळाही जातो. बेशरम मात्र मुळापासून उपटावी. तिला पाहून कोणी रडणार नाहीं.

वर सांगितलेल्या तलावाचा गाळ यंदाच्या उन्हाळ्यांत निघाला. पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांनीं आपसांत ठरवून शेपटाकडील उथळ भाग तसाच राखला; गुरांना चारा व मासळीला अंडीं घालण्यास जागा राहावी हा त्यांचा हेतु, पक्ष्याचें नांवही त्यांत नव्हतें. श्रावण लागला कीं आम्हांस पुन्हां त्याच पाळीवर बसावयाचें आहे.