होतकरू उद्योजक व आपले भांडवल



आम्ही राहतो त्या अलकापुरीस कुबेराच्या नगरीचे नाव आहे. कुबेर धनाचा रक्षक खरा. परंतु केवळ राखून ठेवलेले धन कोणाच्याच कामी येत नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी एक तरुण अभियंता आमच्या पेढीवर आला होता. पोते न उघडता आतील धान्याची ओल मोजणारे यंत्र करण्याचा त्याचा मानस होता. आम्ही विचारले, "तारण काय द्याल?" त्याच्यापाशी घर नव्हते, जमीन नव्हती. नमस्कार करून तो निघून गेला. ओल लागून खराब झालेली पोती आम्ही जन्मभर पाहिली आहेत; त्या यंत्राची गरज आम्हांस त्याच्याहून अधिक ठाऊक होती. तरीही आम्ही कल्पनेची पारख न करता तारणाची चौकशी केली, ही चूक सर्वस्वी आमची होय.

वस्तुतः बडोद्यास हा मार्ग नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 साली येथे कलाभवन निघाले व तरुणांस उद्योगधंद्यांचे शिक्षण मिळू लागले. त्याचे धुरीण प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी भाईलाल अमीन व कोटिभास्कर यांच्यासह 1907 साली अलेंबिक हा रसायनांचा कारखाना काढला. लगेच पुढील वर्षी, 20 जुलै 1908 रोजी, महाराजांच्या प्रेरणेने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. विद्येस पैशाची व पैशास विद्येची जोड हवी, हे त्या पिढीने ओळखले होते.

आज हेच कार्य दोन नव्या नावांनी चालते. इन्क्युबेटर म्हणजे नवजात उद्योगांचे संगोपन करणारे केंद्र. ते होतकरू तरुणास जागा, उपकरणे व जाणत्यांचा सल्ला देते. हिशेब व कायदा शिकविते. एंजल इन्व्हेस्टर म्हणजे स्वतःचे पैसे व्याजाने न देता कंपनीत भागीदारी घेणारा धनिक. कंपनी वाढली तर त्याचा भाग वाढतो, बुडाली तर पैसेही बुडतात.

ह्या उभयतांस एकमेकांची गरज आहे. वानगी पाहिल्यावाचून आपण धान्याचा सौदा करीत नाही. धनिकास शेकडो तरुणांची पारख करण्यास सवड नसते. ती वानगी इन्क्युबेटर तयार करून पुढे ठेवतो. उलटपक्षी, संगोपन होऊनही पुढे भांडवल न मिळाल्यास उद्योग कोमेजतो. सरकारनेही 2021 साली 945 कोटी रुपयांची बीजनिधी योजना आखली, तेव्हा पैसा इन्क्युबेटरांमार्फतच देण्याचे ठरविले. अशा गुंतवणुकीस जाचक ठरलेला 2012 सालचा एंजल कर 2024 च्या अंदाजपत्रकात रद्द करण्यात आला. आपल्या समाजाच्या जितो संस्थेने तर 2017 सालीच इन्क्युबेटर व एंजल गुंतवणूकदारांचे मंडळ ही दोन्ही कार्ये एकत्र हाती घेतली.

तथापि सावधगिरी हवीच. जे पैसे बुडाले तरी पेढी डळमळणार नाही व घरातील मंगलकार्य अडणार नाही, तेवढेच घालावेत. तेही एकाच ठिकाणी नव्हे. शास्त्राने श्रावकास वर्ज्य केलेल्या पंधरा कर्मादानांपैकी तो उद्योग नाही ना, हे आधी पाहावे. आणि पैशांबरोबर आपला अनुभवही द्यावा. बाजारात उधारी कशी वसूल होते, माल कोठे अडतो, हे कोणत्याही विद्यालयात शिकवीत नाहीत.

परिग्रहाचे परिमाण करावे, असे आपले अणुव्रत सांगते. ते पाळताना मर्यादेबाहेरचे धन दानात जाते, हे उत्तमच. त्यातील काही अंश होतकरू हातांस काम देण्याकडे वळला, तर आपली मुलेही परगावी न जाता येथेच उद्योग उभारतील.

तो तरुण अभियंता हे वाचीत असल्यास त्यास आमचे अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्. यापुढे आमच्या पेढीवर जो कोणी येईल, त्याची वानगी आम्ही आधी पाहू.